जमिनीत रोवलेला खांब कुजू नये म्हणून

कुंपणाचा जुना लाकडी खांब उपटून पाहिला, तर बहुधा त्याचे बुड आणि वरचा भाग बराच शाबूत असतो. भुसभुशीत झालेली असते ती जमिनीलगतची वीतभर पट्टी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोलवर हवा कमी पडते, वर ओल टिकत नाही, आणि जमिनीच्या पातळीवर दोन्ही बारमाही मिळतात. म्हणून सगळी मेहनत याच पट्टीवर घ्यावी.

साग, खैर यांच्या गाभ्याचे गडद लाकूड टिकते. बाहेरचा पांढरट भाग मात्र झाड कोणतेही असो, लवकर कुजतो आणि वाळवीलाही आवडतो. निलगिरीच्या किंवा सुरूच्या कोवळ्या वाशांत तो भरपूर असल्यामुळे त्यांना औषध मुरवावेच लागते.

साल पूर्ण काढून, वासे सावलीत हवेशीर रचून नीट वाळू द्यावेत, कारण ओल्या लाकडात तेल शिरत नाही आणि वरून रंग दिला तर ओल आतच कोंडते. ब्रशने लावलेले क्रिओसोट (दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले, लाकूड टिकवणारे तेल) वरवरच राहते. त्यापेक्षा खांबाचे बुड पिंपात काही दिवस बुडवून ठेवावे आणि तेलाची पातळी जमिनीत राहणाऱ्या भागाच्याही वीतभर वर येईल असे पाहावे. हातमोजे घालावेत. कापलेले टोक सर्वांत जास्त तेल पिते, त्यामुळे मापाची कापणी आधीच उरकावी. गाडीचे जळके ऑइल लावण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु त्याने बुरशीचा खात्रीचा बंदोबस्त होत नाही, माती मात्र बिघडते. कारखान्यात आर्सेनिकयुक्त रसायन मुरवलेल्या खांबांचे तुकडे चुलीत कधीही घालू नयेत.

दीड मीटर उंचीच्या कुंपणासाठी सुमारे 60 सेंटीमीटर खड्डा पुरतो. तळाशी 10 ते 15 सेंटीमीटर खडी घालून तिच्यावर खांब टेकवावा, म्हणजे पाणी खाली निचरते. काँक्रीट घालायचे असल्यास ते भोवतीच घालावे. बुडाखाली त्याची वाटी झाली, तर उन्हाळ्यात लाकूड आकसून पडलेल्या फटीत पहिल्याच पावसाचे पाणी साचून राहते. काँक्रीटला किंवा ठोकून बसवलेल्या मातीला वर बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. खांबाचा माथाही तिरका कापावा.

पडवीचे किंवा मांडवाचे कायमचे खांब मुळात पुरूच नयेत. जुन्या वाड्यांतले सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे असत. आज तेच काम काँक्रीटच्या चौथऱ्यात बसवलेली जस्त चढवलेली लोखंडी बैठक करते.

पावसाळ्यापूर्वी खांबालगतची माती बोटभर उकरून स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला, तर वरून डांबर फासण्यात अर्थ नाही, खांब बदलावा.