कोळंबीचं रक्त काढण्याआधी तिची शेपटी बघा

कोळंबीच्या रोगप्रतिकारावर काम सुरू केलं तेव्हा माझ्या डोक्यात माणसाचीच प्रतिकारशक्ती होती. तुम्ही या कामात नव्याने येत असाल, तर ती आधी बाजूला ठेवा. कोळंबी, कालवं, शिंपले यांच्यात अँटिबॉडी नसतातच. सगळी भिस्त हिमोलिम्फवर, म्हणजे त्यांच्या रक्तावर, आणि त्यातल्या हिमोसाइट पेशींवर. या पेशी जंतू गिळतात, मोठा असेल तर त्याला घेरून गाठ करतात, जंतुनाशक पेप्टाइड सोडतात. कोळंबीत आणखी एक हत्यार आहे: जंतूच्या भिंतीतले रेणू ओळखले गेले की एन्झाइमांची साखळी सुरू होते आणि शेवटी काळं मेलॅनिन तयार होतं. कवचावरचे काळे डाग बहुतेकदा याच झुंजीची खूण असतात.

१८८२ मध्ये मेचनिकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. या विषयाचा पाया तिथे आहे. सुरुवात त्याच प्रयोगाच्या वाचनाने करा.

आता हाताचं काम: हिमोसाइट मोजण्यासाठी कोळंबीचं रक्त काढणं. सुई पोटाच्या बाजूने, उदराच्या पहिल्या खंडाच्या मुळाशी घालायची. सिरिंजमध्ये गोठणरोधक द्रावण आधीच भरलेलं हवं, तेही थंडगार. रक्त फिकट, किंचित निळसर येतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. जरा रेंगाळलात तर सुईतच त्याची जेली होते. कालवाचं रक्त असं गोठत नाही, पण पेशी एकमेकींना चिकटून पुंजके होतात आणि मोजणी फसते.

माझे पहिले दोन महिने वेगळ्याच कारणाने वाया गेले. एकाच टाकीतल्या कोळंब्यांच्या पेशींचे आकडे जुळेनात. मी द्रावण बदललं, मोजणी पुन्हा शिकले. दोष होता कात टाकण्याच्या चक्रात. त्या चक्रात पेशींची संख्या बदलते आणि मी सगळ्या अवस्था एकत्र मोजत होते. शेपटीच्या पंख्याची कडा सूक्ष्मदर्शकाखाली धरा: कात जवळ आली असेल तर जुन्या कवचापासून आतली त्वचा मागे सरकलेली, मध्ये स्वच्छ फट दिसते. पकडताना झालेल्या ताणानेही आकडे हलतात, म्हणून जनावर पाण्याबाहेर काढल्यापासूनची वेळ लिहून ठेवा.

प्रयोगशाळेइतकाच वेळ कोळंबी वाढवतात त्या तलावावर घालवा, हे मी आग्रहाने सांगते. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू शिरला की तीन ते दहा दिवसांत अख्खा तलाव जाऊ शकतो. ते एकदा पाहिलं की आलेखातला प्रत्येक बिंदू जिवंत वाटू लागतो. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जीवाणूचं मात्र वेगळं: नुसता तो सापडला म्हणून घाबरायचं नाही, विष बनवणारा प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचा छोटा सुटा तुकडा, त्यात आहे का ते पीसीआर या डीएनए चाचणीने तपासायचं. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्र पक्कं करा.

शेतकरी हमखास विचारतात, ‘कोंबडीला देतात तशी लस नाही का?’ अँटिबॉडीच नाहीत, तर त्या अर्थाने लस नाही, हे समजावून सांगा. मग तपासलेलं बी (म्हणजे तलावात सोडायची कोळंबीची पिल्लं), स्वच्छ तळ, खाण्याच्या ट्रेवर रोजची नजर, यावर बोला. ट्रेवर उरलेलं खाद्य त्यांना तुमच्या आकड्यांच्या आधी दिसतं.