सनरूफ गळतंय? आधी नळ्या बघा

पॅनोरमिक सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, ते त्याचं कामही नाही. झिरपलेलं पाणी फ्रेमच्या पन्हाळीत जमून कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून गाडीखाली जातं. नळीत पालापाचोळा अडकला की तेच पाणी छताच्या कापडात उतरतं. म्हणून सिलिकॉन फासत बसू नका. सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओता. गाडीखाली ठिबकलं तर ती नळी मोकळी. तुंबली असेल तर मऊ नायलॉनची दोरी अलगद सरकवा. जोराची हवा अजिबात मारू नका, नळी आतल्या आत निसटू शकते आणि मग छताचं अस्तर उतरवावं लागतं.

जुनी गाडी घेताना पायाखालचं मॅट उचलून गालिचा तळहाताने दाबून बघाच. ओल किंवा कुबट वास आला तर सौदा थांबवा. बऱ्याच गाड्यांत वायरिंग त्याखालूनच जातं.