पेसमेकर बसवून घरी आलात? मग या चुका टाळा

पेसमेकर म्हणजे हृदयाचे ठोके नीट चालू ठेवायला छातीत कातडीखाली बसवलेलं छोटं मशीन. बेळगावात हृदयाच्या ओपीडीत, पेसमेकर तपासणीच्या खोलीत मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणीहून पेशंट यायचे. मशीन बहुतेकांचं उत्तम चालायचं. त्रास सुरू व्हायचा घरी गेल्यावर, आणि कारणं दरवेळी तीच असायची.

हाताची घाई

"सिस्टर, जखम वाळली की! आता काय?" हे वाक्य मला पाठ झालंय. वाळते ती वरची कातडी. शिरेतून हृदयात गेलेली वायर आत पक्की धरायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर मशीन बसवलेल्या बाजूचा कोपर खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि पाच किलोची पिशवीही त्या हाताने उचलायची नाही.

खानापूर तालुक्यातल्या एका काकांनी सोळाव्या दिवशी वैरणीचा भारा डोक्यावर घेतला. त्याच रात्री उचकी लागली. घरातले म्हणाले, पुण्याची लेक आठवण काढत असेल. दोन दिवस साखर दिली, पाणी पाजलं, उचकी थांबेना. तिसऱ्या दिवशी काका गोठ्यात चक्कर येऊन पडले. एक्स-रे काढला तर वायरचं टोक जागेवरून सरकलेलं. मशीनचा बारीकसा विजेचा ठोका हृदयाला नीट लागत नव्हता, तो खालच्या श्वासपटलाला लागत होता, म्हणून उचकी. पुन्हा ऑपरेशन झालं, पुन्हा सहा आठवडे, आणि ऐन रोपलावणीत घरातला एक माणूस दवाखान्यात अडकला. काकी माझा हात धरून रडल्या होत्या. एका भाऱ्यासाठी हे सगळं झालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून न थांबणारी उचकी, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मी पेशंटला घरी सोडतानाच सांगायचे, वरच्या फळीवरचे डबे आधी खाली आणून ठेवा, पुढून बटणं असलेले कपडे घाला आणि कॅलेंडरवर बेचाळिसाव्या दिवसाला लाल पेनने गोल करा. तो गोल रोज डोळ्यांसमोर असला की हात आपोआप खाली राहतो.

याच्या उलटही बघितलंय. शहापूरच्या एका मावशींनी शेजारणीचं ऐकून तीन महिने हात गळ्यात बांधून ठेवला. वायर जागेवरच होती, खांदा मात्र इतका आखडला की वेणी घालता येईना. हात बांधायचा नाही. कोपर, मनगट, बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, खांदा आखडू नये म्हणून हातही कमरेपासून छातीपर्यंत हळूहळू फिरवायचा.

जखमेवर घरचे उपाय

हळद नको, तेल नको, शेक नको. जागा सुजली म्हणून कुणी सुई घालून पाणी काढतो म्हणाला, तर उठून घरी या. गावातल्या इंजेक्शनवर आठवडा घालवून, पू आल्यावर आलेले पेशंट मी पाहिलेत. जंतू मशीनच्या खोबणीत शिरले की नुसत्या गोळ्यांनी सहसा भागत नाही, मशीन वायरींसकट काढावं लागतं. लाली, ठणका, पाणी किंवा ताप दिसला, की जिथे ऑपरेशन झालं तिथेच जा.

मशीन बोटांनी चाचपू, फिरवू नका. सतत फिरवल्याने वायर गुंडाळली जाऊन ओढली जाते.

मोबाईल त्या बाजूच्या खिशात नको, मशीनपासून १५ सेंटीमीटर लांब धरा आणि दुसऱ्या कानाला लावा. टीव्ही, मिक्सर, पंखा खुशाल वापरा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. उद्यमबागेतल्या कारखान्यांत वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी कामावर जायच्या आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

कार्ड कपाटात

मशीनचं कार्ड इंग्रजीत असतं, वाचता येत नाही म्हणून ते लुगड्यांच्या घडीत जातं. कार्ड पाकिटात हवं. एमआरआय, दाताचं काम किंवा कुठलंही ऑपरेशन असो, आधी ते दाखवायचं. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरला सांगा, "मला मराठीत समजावा," आणि घरच्या कुणाला तरी वहीत लिहून घ्यायला लावा. यात लाजण्यासारखं काही नाही.

साध्या पेसमेकरऐवजी आयसीडी, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले की जोराचा झटका देऊन ते ताळ्यावर आणणारं मशीन असेल, तर एक झटका बसून बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लागोपाठ दोन बसले किंवा शुद्ध हरपली, तर लगेच १०८.

"बरं वाटतंय" म्हणून तपासणी चुकवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. बॅटरी संपत आली की मशीन साधारण तीन महिने आधी खूण देतं, पण ती खूण तपासणीच्या यंत्रावर दिसते, बाहेर काही कळत नाही. १९५८ साली स्वीडनमध्ये जगातला पहिला पेसमेकर शरीरात बसवलेले आर्ने लार्सन २००१ पर्यंत जगले. या काळात त्यांची वीसहून जास्त मशीनं बदलली. आता एक मशीन बरीच वर्षं चालतं, तरी तपासणी चुकवू नका. तारीख दिली असेल त्या दिवशी सकाळची बस पकडून या, आणि येताना कार्ड, जुनी फाईल, चालू गोळ्या सोबत आणा.