पुण्यातून स्पेनला शिकायला निघालात? रोजच्या जगण्याची तयारी अशी करा

मे-जून आला की कोथरूड, औंध, कर्वेनगर कुठून तरी मेसेज येतोच, ताई ॲडमिशन झालंय, स्पेनला चाललोय, बरोबर काय काय नेऊ. बॅगेचं सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तिथला दिवस आपल्यापेक्षा दोन-अडीच तास उशिरा चालतो. जेवण, दुकानं, लेक्चर, मित्रांचं भेटणं सगळंच उशिरा, आणि ते घड्याळ एकदा अंगवळणी पडलं की निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. मी मास्टर्सला सालामांकात होते म्हणून उदाहरणं बहुतेक तिथलीच देतेय, पण माद्रिद काय नि वालेन्सिया काय, फार फरक नाही.

आधी व्हिसाचे कागद, कारण त्यातच जास्त वेळ जातो. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोलीस क्लिअरन्स लागतं, मेडिकल सर्टिफिकेट लागतं, आणि डिग्रीच्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा आहे असं दुसऱ्या देशाला सांगणारा सरकारी शिक्का. महाराष्ट्रातल्या डिग्रीची आधी राज्य सरकारकडून पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि त्यानंतर स्पॅनिशमध्ये अधिकृत भाषांतर. हा क्रम उलटा करू नका, कारण अपोस्टिलचं पण भाषांतर मागतात. आपली फाईल मुंबईच्या वकिलातीकडे जाते. पैशाचा हिशोब दाखवताना स्पेन सरकारने ठरवलेल्या इप्रेम नावाच्या किमान उत्पन्नाच्या आकड्याची अट असते, तो महिन्याला 600 युरो आहे, पण ते कमीत कमी हं, माद्रिद-बार्सिलोनात खोलीचं भाडंच त्यातलं बरंचसं खाऊन टाकतं, सालामांकासारख्या विद्यार्थ्यांच्या गावात जरा सुसह्य पडतं. मेडिकल इन्शुरन्स घेताना एकच बघा, उपचाराच्या वेळी आपल्या खिशातून हिस्सा द्यावा लागणार नाही असाच हवा, नाहीतर व्हिसा अडतो.

आणि नाव! हे कोणी सांगत नाही. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं एक आईकडचं, त्यामुळे प्रत्येक फॉर्मवर आडनावाचे दोन रकाने. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत, मग मुलं वडिलांचं नाव पहिल्या आडनावाच्या रकान्यात टाकतात आणि बँकेत एक नाव, कॉलेजात दुसरं, कार्डावर तिसरं असा गोंधळ होतो. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये जे आहे ते सगळं नावाच्या रकान्यात, आडनाव पहिल्या आडनावात, दुसरा रकाना मोकळा. सगळीकडे अगदी हेच, पहिल्या दिवसापासून.

आता बॅग. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत, म्हणजे पेढे नाहीत, खवा नाही, आईने कितीही प्रेमाने बरणी भरली तरी तूप नाही. आंबे पण राहू द्या, ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं, नारळ मात्र त्यातून सुटलाय. गोडा मसाला, मेतकूट, थालीपीठाची भाजणी, हिंग, आमसुलं, बाकरवडी खुशाल न्या. तूप तिथे घरीच कढवा, बिनमिठाचं लोणी कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळतं, फक्त पाकिटावर मांतेकिया लिहिलेलं घ्या, नुसतं मांतेका असेल तर ती बहुतेक वेळा डुकराची चरबी असते. कुकर नेणार असाल तर आधी घरमालकाला शेगडी कुठली आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, स्टीलचा इंडक्शन बेसवाला लागेल. साध्या काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर दोन्ही चालतात. जाडजूड जॅकेट इथून घेऊ नका, सालामांका समुद्रसपाटीपासून 800 मीटरवर आहे, हिवाळ्यात रात्री शून्याखाली जातं आणि पुण्याच्या थंडीचे स्वेटर तिथे पुरत नाहीत, तिथल्या दुकानातच घ्या, जानेवारीत मोठे सेल लागतात.

पोचल्यावर पहिल्या महिन्यात तीन कामं. एक, आयुन्तामिएंतो म्हणजे तिथली महापालिका, तिथे जाऊन राहत्या पत्त्याची नोंद करायची, तिला एम्पाद्रोनामिएंतो म्हणतात. खोली ठरवतानाच घरमालकाला विचारा की या पत्त्यावर नोंद करू देणार का, आणि नाही म्हणाला तर दुसरी खोली बघा, मी तर म्हणते कितीही छान बाल्कनी असली तरी. दोन, फॉरेनरचं ओळखपत्र, त्याला तीए म्हणतात. देशात शिरल्यापासून महिन्याच्या आत अर्ज करायचा असतो आणि त्यासाठी ऑनलाइन अपॉइंटमेंट म्हणजे थीता प्रेविया लागते, मोठ्या शहरात ती मिळता मिळत नाही म्हणून विमानातून उतरलात की त्याच आठवड्यात वेबसाइटवर बसा, सकाळी लवकर बघा, रोज बघा. फी बँकेत भरून पावती घ्यायची, फॉर्म, फोटो, पासपोर्ट, ॲडमिशन लेटर, इन्शुरन्स, सगळ्याच्या झेरॉक्स. काउंटरवर बोटांचे ठसे घेतात आणि एक कागद देतात, कार्ड नंतर मिळतं, तो कागद जपा. तीन, बँकेत खातं. खातं झालं की बिझूम सुरू करा, आपल्या यूपीआयसारखं मोबाइल नंबरवर पैसे पाठवतात, भाड्यातला वाटा, पिझ्झाचे पैसे सगळं त्यावर.

आता ते घड्याळ. सालामांका लंडनच्याही पश्चिमेला आहे, पण स्पेनने 1940 मध्ये घड्याळं मध्य युरोपच्या वेळेला लावली ती आजपर्यंत तशीच आहेत. म्हणून जानेवारीत सूर्य उगवायला पावणेनऊ होतात आणि जूनमध्ये रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊ-दहाला. संध्याकाळी सात वाजता भूक लागली म्हणून हॉटेलात गेलात तर किचन बंद असतं. यावर उपाय तिथल्याच लोकांचा, सकाळी अकराच्या सुट्टीत कॅफेत जाऊन टोस्ट खायचा. भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेलाची धार, चिमूटभर मीठ, बरोबर कॉफी. तो वेळ चुकवू नका, कारण वर्गातली मुलं तिथेच भेटतात, ग्रुप प्रोजेक्टचं वाटपही तिथेच होतं, खोलीत डबा खात बसलात तर त्यातून बाहेर राहता. दुपारी दोन ते पाच छोटी दुकानं बंद, त्याची तर पुणेकराला सवय आहेच. पण रविवारी बहुतेक सुपरमार्केट पण बंद असतात, माद्रिदमध्ये बरीच उघडी असतात ती गोष्ट वेगळी, तेव्हा शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवा. घरातलं वीज कॉन्ट्रॅक्ट तासांप्रमाणे दर असलेलं असेल तर कपडे धुण्याचं मशीन शनिवार-रविवारी लावा, सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा सगळ्यात महाग.

शाकाहारी मंडळींसाठी जरा सविस्तर. मी मांस खात नाही म्हटलं तर ट्यूना घातलेलं सॅलड समोर येतं, डाळीच्या सूपमध्ये चोरिथो सॉसेजचे तुकडे असतात, आणि खामोन म्हणजे ते वाळवलेलं डुकराचं मांस कित्येकांच्या मते मांसात धरायचंच नसतं. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा, नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन. अंडं खात असाल तर बटाट्याचं तोर्तिया म्हणजे जीव की प्राण, मेक्सिकोच्या पोळीशी त्याचा काही संबंध नाही, ते जाड ऑम्लेट असतं. गास्पाचो म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, पालक-छोले हे बिनधास्त. सालमोरेखो, म्हणजे त्याच सूपचा दाट भाऊ, मागवताना वरचं खामोन नको म्हणून सांगा, आणि नाताळात मांतेकादो, पोल्वोरोन ही बिस्किटं चरबीची असतात, पाकीट वाचा. दुपारी मेनू देल दीआ घ्या, दोन पदार्थ, पाव, पेय, गोड, सगळं मिळून 12-15 युरोच्या आसपास, दुसऱ्या पदार्थात शाकाहारी काही नसेल तर पहिल्या पदार्थाच्या यादीतले दोन मागितले तरी बरेच जण देतात, विचारायला लाजू नका. नळाचं पाणी फुकट मागता येतं, कायदाच आहे, आणि दारू घेत नसाल तर मोस्तो मागा, द्राक्षाचा रस, सगळे पीत असताना हातात काहीतरी असतं आणि सालामांकात त्याबरोबर छोटा पिंचो, म्हणजे एक-दोन घासांचा खाऊ, पण येतो.

घरी करायचं तर मेर्कादोना नावाच्या सुपरमार्केटमध्ये काचेच्या बरण्यांत शिजवलेले छोले मिळतात, पाणी निथळून कांदा-टोमॅटोत टाकले की पंधरा मिनिटांत उसळ तयार. मसूर सगळीकडे. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता हवा असेल तर माद्रिदला लावापिएस भागात बांगलादेशी आणि भारतीय दुकानं आहेत, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दोघा-तिघांनी मिळून जायचं.

बाजारात एक रीत आहे ती सांभाळा. सालामांकात प्लाझा मायोर या मुख्य चौकाला लागूनच मर्कादो सेंत्राल ही मंडई आहे. फळवाल्यासमोर रांग दिसत नाही, माणसं इकडेतिकडे उभी असतात. जाऊन मोठ्याने विचारायचं, किएन एस एल उल्तिमो, शेवटचं कोण. कोणीतरी आजी हात वर करते, की तुमचा नंबर त्यांच्यानंतर, आता कोणी घुसत नाही. मंडईतल्यासारखी फळं दाबून बघायची नाहीत, बोलायचं आणि तो निवडून देतो. घासाघीस नाही. लिफ्टमध्ये, दुकानात, जिन्यात शिरताना ओला आणि निघताना आस्ता लुएगो म्हणा, न बोलता गेलं तर लोकांना खरंच उद्धट वाटतं.

वर्गात सरांना नावाने हाक मारतात, पहिले काही दिवस तोंडातून निघत नाही, पण सर-सर करत राहिलात तर त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. मार्क दहापैकी, पाचला पास, नऊच्या वर म्हणजे उत्कृष्ट, आणि सात मिळाले तर रडू नका, तिथे सात चांगले. भाषेसाठी इंतेर्काम्बियो शोधा, अर्धा तास तुम्ही त्यांच्याशी इंग्लिश बोलायचं, अर्धा तास ते तुमच्याशी स्पॅनिश. इथून निघायच्या आधी पुण्यात एक-दोन लेव्हल करून जाच, आपले त, द त्यांच्यासारखेच दातांना लागून येतात त्यामुळे उच्चार लवकर बसतो.

घरी फोन दुपारच्या जेवणानंतर करा. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन. तिथे तीन वाजलेले असतात तेव्हा पुण्यात साडेसात नाहीतर साडेसहा, आई-बाबा मोकळे असतात. तुमच्या रात्रीच्या जेवणानंतर केलात तर त्यांची झोपमोड.

तीए कार्डाची मुदत संपत आली, रिन्यूअल अडकलंय आणि दिवाळीला यायचंय असं झालं तर आउतोरिसासिओन दे रेग्रेसो नावाचा, म्हणजे परत येण्याच्या परवानगीचा कागद आधी काढा, त्याशिवाय परत शिरताना अडवतात. आणि कायमचे परतणार असाल तर मार्कशीट आणि डिग्रीच्या दाखल्यावर अपोस्टिल स्पेनमध्येच करून घ्या, पुण्यात बसून ते होत नाही, आणि खोलीचं डिपॉझिट हातात पडेपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका.