कादंबरीवरून आलेल्या ॲक्शन-क्राइम सिरीजचा पहिला सीझन कसा पारखायचा : नवीन रिव्ह्यू लिहिणाऱ्यांसाठी अनुभवाचं थोडं

मी वेब सिरीजवर मराठीत लिहिते आणि जोडीला कादंबऱ्या वाचून त्यांची सिरीज होऊ शकते का याचे रिपोर्ट पण करते, त्यामुळे या लाइनमध्ये यायचं म्हणणारी बरीच मुलंमुली सुरुवात कशी करू म्हणून विचारतात, आणि त्यांचे सॅम्पल वाचले की एक गोष्ट हमखास दिसते. पुस्तक वाचलेला लिहितो "पुस्तकात असं नव्हतं", न वाचलेला लिहितो "फाइट सीन जबरदस्त", आणि दोघांच्याही लिहिण्यातून वाचकाला सीझन कसा आहे ते काही कळत नाही. हे उदाहरण घेऊन बोललेलं बरं, म्हणून 'रीचर'चा पहिला सीझन घेते. बघितला नसेल तर पुढे स्पॉयलर आहेत.

हा सीझन ४ फेब्रुवारी २०२२ ला प्राइम व्हिडिओवर आला, आठही एपिसोड एकदम. आधार ली चाइल्डची १९९७ ची 'किलिंग फ्लोअर', म्हणजे रीचरची पहिलीच कादंबरी. आर्मीच्या पोलिसातून बाहेर पडलेला, ना घर ना स्वतःचा फोन असा रीचर नावाचा एक धिप्पाड माणूस जॉर्जियातल्या मारग्रेव्ह नावाच्या छोट्या गावात येतो, खाणावळीत बसतो आणि पोलीस त्याला खुनाच्या संशयावरून उचलतात, पुढे कळतं की मेलेल्यांमध्ये त्याचा स्वतःचा भाऊ आहे.

सगळ्यात आधी बघा की एका सीझनमध्ये किती पुस्तक मावलंय. ही गोष्ट लोक रिव्ह्यूमध्ये लिहीतच नाहीत आणि माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो. 'रीचर'ने एक पुस्तक एक सीझन असा हिशोब ठेवला, म्हणून गोष्ट आठव्या एपिसोडला खरोखर संपते. 'बॉश' या पोलिसी सिरीजच्या २०१५ च्या पहिल्या सीझनने मायकल कॉनेलीच्या तीन वेगवेगळ्या कादंबऱ्यांचे धागे एकत्र विणले, तिथे तुम्ही विण बघायची, एका केसमधून दुसरीत जाताना धक्का बसतो का ते बघायचं. आणि आपल्याकडचं 'सेक्रेड गेम्स', विक्रम चंद्रांची नऊशेच्या वर पानांची कादंबरी, ती २०१८ च्या आठ एपिसोडमध्ये संपवलीच नाही, दुसऱ्या सीझनसाठी राखली, तर तिथे शेवट अर्धवट आहे अशी तक्रार करून उपयोग नाही, पुढे बघावंसं वाटेल इतकं वजन पहिल्या आठात उभं राहिलं का ते तपासायचं. तिन्हींना एकच फूटपट्टी लावली की रिव्ह्यू फसला.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मला इतका महत्त्वाचा वाटतो की मी प्रत्येक रिपोर्टची सुरुवात इथूनच करते. 'किलिंग फ्लोअर' प्रथमपुरुषी आहे. रीचर स्वतः सांगतोय, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते पानोपानी कळतं, समोरच्याचं वजन किती असेल, दार किती लांब आहे, हा माणूस खोटं का बोलतोय, सगळं. पण बाहेरून तो अगदी कमी बोलणारा माणूस. मग स्क्रीनवर आणताना डोक्यातलं ते सगळं बोलणं गेलं कुठे? सोपा मार्ग होता व्हॉइसओव्हर लावायचा. शोरनर, म्हणजे सिरीजची सगळी सूत्रं सांभाळणारा मुख्य लेखक-निर्माता, निक सँटोराच्या टीमने तो घेतला नाही, आणि मला हा सीझनचा सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो.

पहिला एपिसोड हातात पेन घेऊन परत बघा. सुरुवातीची कितीतरी मिनिटं रीचर झालेला ॲलन रिचसन तोंडातून शब्द काढत नाही. खाणावळीबाहेर एक माणूस बाईवर खेकसतोय, रीचर नुसता उभा राहून त्याच्याकडे बघतो, तो माणूस गप्प होतो. रीचर आत जाऊन बसतो, मागवलेला पाय (pie, फळ भरून भाजलेला गोड पदार्थ) समोर येतो, आणि घास घ्यायच्या आत पोलीस बंदुका रोखून उभे. अटक होते तरी हा गप्प. मग चौकशीच्या खोलीत गावचा डिटेक्टिव्ह फिन्ली प्रश्न विचारतोय आणि तिथे तो तोंड उघडतो तर थेट फिन्लीचीच कुंडली मांडतो, ट्वीडचा सूट, हार्वर्ड, सुटलेली सिगरेट. पुस्तकात जे आपण त्याच्या डोक्यात बसून वाचतो ते इथे समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचायला मिळतं, म्हणजे डोक्यातला 'मी' बाकीच्यांमध्ये वाटून टाकलाय. फिन्लीला म्हणून इतकं बोलकं आणि शिस्तीचं ठेवलंय, रॉस्को या पोलीस ऑफिसर बाईला म्हणून पुस्तकापेक्षा जास्त काम आहे. त्या गोड पायचा धागा पण तसाच, रीचर मनात काय म्हणतो ते न सांगता त्याला काहीतरी हवंय आणि ते सारखं हुकतंय एवढं दाखवलं, आणि तो घास शेवटच्या एपिसोडपर्यंत लांबवला.

नीगलीचं, म्हणजे रीचरच्या आर्मीतल्या जुन्या सहकारी बाईचं, पात्र बघा. ती या कादंबरीत नाहीच! ती पुस्तकांमध्ये पहिल्यांदा येते २००२ च्या 'विदाउट फेल'मध्ये. पुस्तकवाले यावर चिडले तर समजू शकते, पण रिव्ह्यू लिहिणाऱ्याने विचारायचं की तिला का आणलं. एक म्हणजे रीचरला ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असं जुनं कोणीतरी हवं होतं, व्हॉइसओव्हर नाही तर फोन तरी. दुसरं म्हणजे गाव आणि गावातली माणसं सीझनबरोबर मागे सुटणार हे ठरलेलं, मग पुढे नेण्यासारखा एक चेहरा पेरून ठेवायचा. दुसरा सीझन 'बॅड लक अँड ट्रबल'वर आला आणि त्यात ती मध्यभागी आहे, म्हणजे पेरणी जाणूनबुजून होती. बदल दिसला की कारण शोधा, मग ते कारण स्क्रीनवर फळलं का ते लिहा, एवढा क्रम पाळला तरी तुमचा रिव्ह्यू शंभरातून उठून दिसेल.

मला न पटलेलं पण सांगते, कारण आवडलेल्या सीझनबद्दल हे लिहिता आलं पाहिजे. पुस्तकात गुन्ह्याची सूत्रं गावातल्या बड्या उद्योगपतीच्या, थोरल्या क्लाइनरच्या हातात, सीझनमध्ये त्याचा मुलगा केजे पुढे येतो. कल्पना चांगली आहे, पण हिरो गप्प आणि व्हिलन भाषण देतोय असं झाल्यावर शेवटच्या दोन एपिसोडचं वजन कमी होतं, धमकी ऐकू येते पण भीती वाटत नाही. लहानपणीचे फ्लॅशबॅक भावासाठी गरजेचे आहेत, मान्य, पण मधल्या एपिसोडमध्ये ते तपासाचा वेग खातात. आणि भाऊ जिथे मेला नेमका त्याच गावात हा उतरला, हा योगायोग पुस्तकातलाच आहे. माझा नियम असा की गोष्ट सुरू करणारा योगायोग चालतो, गोष्ट सोडवणारा चालत नाही, त्यामुळे इथे मी मार्क कापत नाही.

ॲक्शनवर लिहिताना "जबरदस्त", "थरारक" हे शब्द सरळ काढून टाका. जेलच्या न्हाणीघरातली मारामारी घ्या, कितीतरी जण अंगावर येतात. आवाज बंद करून बघा. कोण कुठे उभा आहे कळतं का, तो आधी कोणाला पाडतो आणि का, कॅमेरा बघू देतो की कट मारून लपवतो. इथे रिचसनची देहयष्टी म्हणजे निम्मी पटकथा आहे. पुस्तकातला रीचर सहा फूट पाच इंच, आणि २०१२ व २०१६ च्या सिनेमांत टॉम क्रूझ होता तेव्हा वाचकांची सगळ्यात मोठी कुरकुर याच गोष्टीवर होती. ती कुरकुर उगाच नव्हती हे हा सीझन बघून पटतं, कारण नुसतं उभं राहून समोरच्याला गप्प करणं हे संवादाने होत नाही, शरीरानेच होतं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचून मोठे झालेल्यांना हे सांगावं लागणार नाही, असा हिरो बदलत नाही, त्याच्यामुळे आजूबाजूचे बदलतात, तेव्हा "पात्राचा प्रवास दिसत नाही" ही तक्रार त्याच्यावर लावू नका, फिन्लीवर लावून बघा, तिथे प्रवास सापडेल.

काळाचा फरक पण तपासा. १९९७ ची गोष्ट २०२२ मध्ये आणायची म्हणजे खिशाखिशात मोबाइल आला. 'बॉश'ने तर नायकाचं युद्धच बदललं, पुस्तकात व्हिएतनाम, सिरीजमध्ये आखात आणि अफगाणिस्तान, नाहीतर त्याचं वय जुळलंच नसतं.

कामाची पद्धत माझी अशी. आधी पूर्ण सीझन, मग पुस्तक, मग पहिला आणि शेवटचे दोन एपिसोड परत, टाइमकोड लिहून. पुस्तक आधी वाचलं की डोळा फक्त काय गाळलंय तेच शोधत बसतो. डबिंगमध्ये बघितलं असेल तर मूळ आवाजात सबटायटल लावून निदान एक एपिसोड बघाच, कमी बोलणाऱ्या हिरोचं तर सगळं आवाजातच असतं. रिलीजआधी स्क्रीनर, म्हणजे रिव्ह्यूसाठी आगाऊ बघायची लिंक, मिळाले तर बऱ्याचदा सुरुवातीचेच काही एपिसोड येतात, अशा वेळी किती बघून लिहिलंय ते पहिल्या परिच्छेदात स्पष्ट लिहा आणि पूर्ण सीझनवर निकाल देऊ नका. एम्बार्गोची, म्हणजे ज्याच्या आधी रिव्ह्यू छापायचा नसतो ती, वेळ पाळा, एकदा मोडली की परत लिंक येत नाही.

पैसे सुरुवातीला कमीच मिळतात, म्हणून नोकरी असेल तर ती धरून करा. एडिटरला सॅम्पल पाठवताना नवीन आलेल्या सीझनचं पाठवू नका, त्याच्याकडे तसे ढीग पडलेले असतात. एखादा जुना पहिला सीझन घ्या, त्यातला एकच बदल निवडा, नीगलीसारखा, आणि तो का केला, फळला का, एवढंच सातशे शब्दांत नीट लिहून पाठवा. प्रॉडक्शन हाऊसवाले सुद्धा हेच वाचतात, कारण त्यांना पुढच्या कादंबरीत नेमका हाच प्रश्न सोडवायचा असतो.