आरएक्स 100 चा खालचा पिकअप: कानस उचलण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात कराडहून एक मुलगा टेम्पोत घालून आरएक्स 100, यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, घेऊन आला. मागे गुट्टीचा टायर, उंच हँडल, मडगार्ड काढलेलं, आणि बाजूने फुगीर पोटाचा चेंबर, म्हणजे रेसिंगचा एक्झॉस्ट पाइप. मुरमाच्या ट्रॅकवर चालवतो म्हणाला. "काका, वर गेली की फाडते, पण टेकाडावर दुसऱ्या गिअरला दम टाकते. पोर्टिंग करून द्या." पोर्टिंग म्हणजे सिलिंडरमधली हवा-धुराची भोकं कानशीने मोठी करणं. मी काही न बोलता किक हाताने दाबली. ती लोण्यात बोट घालावं तशी खाली गेली. म्हणजे इंजिनात दाबच धरत नव्हता. तिथेच मला अर्धं उत्तर मिळालं.

ही गाडी मुळात खालून, म्हणजे कमी आरपीएमला, ओढणारी आहे. 50 बाय 50 मिलिमीटरचं बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव), 98 सीसी, 7,500 आरपीएमला 11 हॉर्सपॉवर, आणि वजन सगळं धरून शंभर किलोच्या जरा वर. 1985 पासून 1996 पर्यंत आपल्याकडे बनली, म्हणजे सगळ्यात तरुण गाडीलाही आता तीस वर्षं होत आली. अशा इंजिनचा खालचा पिकअप बहुतेक वेळा झिजेतून नाहीतर गळतीतून गेलेला असतो. तो आधी परत मिळवायचा, नवीन काय करायचं ते नंतर बघायचं.

सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबापासून करा. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या जागी गेज लावून सात-आठ दणकट किका. 100 पीएसआयच्या खाली काटा थांबला तर पुढचं काहीही करू नका, सिलिंडर उघडा. रिंग पिस्टनवरून काढून बोअरमध्ये सरळ बसवा आणि तोंडाच्या फटीत फीलर गेज घाला. नव्या रिंगची फट 0.2-0.3 मिलिमीटर असते. त्या मुलाच्या गाडीत 0.7 ची पट्टी सहज शिरली. धूळ खाऊन बोअरला उभे ओरखडे पडले होते, कारण एअर फिल्टरच काढून टाकला होता. ट्रॅकवर फिल्टर काढून चालवू नका. तेल लावलेला स्पंज फिल्टर धूळ अडवतो आणि हवाही देतो. उघड्या कार्बोरेटरमधून गेलेला मुरूम पॉलिश पेपरचं काम करतो.

मग गळती. टू-स्ट्रोकचं क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हाच त्याचा पंप, आणि पंपाला भोक असेल तर कमी आरपीएमला सगळ्यात जास्त नुकसान होतं. एक्झॉस्ट आणि इनटेक रबरी बुचाने बंद करा, प्लगच्या भोकातून हातपंपाने 6 पीएसआय हवा भरा आणि काट्याकडे बघत बसा. सहा मिनिटांत काटा हलला नाही पाहिजे. हलला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा: इनटेकचं रबर, सिलिंडरखालचं पॅकिंग, डाव्या बाजूला मॅग्नेटमागचं सील. बुडबुडा दिसेल तिथे दुखणं. उजव्या, क्लचच्या बाजूचं सील मात्र बुडबुड्याने दिसत नाही. तिथली हवा गिअरबॉक्समध्ये जाते, म्हणून तेल भरायच्या बुचाला कान लावा. ते सील गेलं असेल तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, मागून पांढरा धूर येत राहतो आणि लोक महिनोन्महिने कार्बोरेटर खोलत बसतात.

आता रीड, म्हणजे कार्बोरेटर आणि क्रँककेसच्या मधली पात्यांची झडप. याच्यावर माझा फार जीव आहे, कारण इतक्या छोट्या वस्तूने इतका फरक दुसरीकडे कुठे पडत नाही. कमी आरपीएमला पिस्टन खाली येताना क्रँककेसमधलं हवा-पेट्रोलचं मिक्स्चर उलट कार्बोरेटरकडे पळू बघतं. रीडची पाती त्याला अडवतात. पाती नीट मिटत नसतील तर ते परत जातं, पुन्हा येताना दुसऱ्यांदा पेट्रोल उचलतं, आणि खाली गाडी भकभक करते. रीड ब्लॉक काढा, पेट्रोलने धुवा, खिडकीच्या उजेडासमोर डोळ्याजवळ धरा. पात्याच्या टोकाशी केसाएवढी उजेडाची रेघ चालते. नखाच्या जाडीएवढी दिसली तर पातं बदला. टोकाचा कोपरा तुटलेला दिसला तर तो तुकडा कुठे गेला ते आधी शोधा. स्टीलच्या जागी पातळ फायबरची पाती घातली तर ती कमी ओढीला उघडतात आणि पहिला पाव थ्रॉटल लगेच जिवंत होतो. जाड, कडक पाती वरच्या आरपीएमसाठी असतात, दुकानदार "रेसिंगची" म्हणून तीच पुढे करतो. तुम्हाला खालचं हवं असेल तर घेऊ नका.

कार्बोरेटरमध्ये मेन जेटला, म्हणजे पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणाऱ्या भोकाला, हात लावायची गरज नाही. टेकाडावर दुसऱ्या गिअरला जे लागतं ते पायलट जेट (कमी थ्रॉटलचं भोक) आणि सुई (मधल्या थ्रॉटलची) देतात. इंजिन चांगलं गरम करा, आयडल थोडं वर ठेवा, एअर स्क्रू हलकेच पूर्ण आत आणि मग पाव-पाव फेरा बाहेर. जिथे आयडल सगळ्यात वर जातं ती जागा एक ते अडीच फेऱ्यांच्या मध्ये आली पाहिजे. एकाच्या आतच आली तर पायलट जेट छोटा आहे, एक नंबर मोठा टाका. अडीचच्याही बाहेर गेली तर उलटं. त्यानंतर थ्रॉटल झटक्यात पाव उघडा. इंजिन क्षणभर "भॉ" करून गप्प होऊन मग उचललं तर पेट्रोल कमी पडतंय. खोकल्यासारखं घुरघुरत उचललं तर जास्त होतंय. अर्ध्या थ्रॉटलला असं होत असेल तर सुईची क्लिप एक खाच सरकवा: क्लिप खाली म्हणजे सुई वर, पेट्रोल जास्त. हे सगळं जिथे चालवणार तिथेच करा. चिपळूणला समुद्रसपाटीजवळ सेट केलेली गाडी 1,300 मीटरच्या वर महाबळेश्वरला नेली की हवा विरळ होते आणि तीच गाडी जड, ओली वाटते. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पेट्रोलमध्ये 2टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणून ऑइलचं प्रमाण बदललं की जेटिंग पुन्हा तपासा.

गिअरिंगचा हिशोब सोपा आहे आणि खर्च सगळ्यात कमी. आपले दात मोजा. समजा मागे 39 आणि पुढे 14 आहेत, म्हणजे 2.79. पुढे 13 लावले की बरोबर 3, साधारण पावणेआठ टक्के जास्त ओढ. तेवढंच मागून मिळवायला 42 दात लागतील. मी मागचं मोठं करायला सांगतो, कारण पुढच्या लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, घासते. नंतर चेनचा ढिलेपणा बघताना कोणाला तरी सीटवर दाबून बसवा. मागचा एक्सल, स्विंगआर्मचा बोल्ट आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. तिथेही ती थोडी हलली पाहिजे.

पाइपबद्दल स्पष्ट बोलतो. त्या मुलाचा चेंबर आखूड मानेचा होता. मान जितकी आखूड तितकी पाइपची साथ वरच्या आरपीएमला मिळते, खाली तो मदतच करत नाही. मी त्याला कंपनीचा जुना सायलेन्सर लावायला लावला, आतली आवाज दाबणारी नळी (बॅफल) काढून, कार्बन जाळून, खरवडून. तो नाराज झाला. आवाज गेला म्हणाला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला की टेकाड तिसऱ्या गिअरला चढतं.

एवढं झाल्यावरच हेडकडे, म्हणजे सिलिंडरच्या झाकणाकडे वळा. पिस्टन आणि हेडमधलं अंतर मोजायचं आहे. 1.5 मिलिमीटरच्या सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनवर ग्रीसने चिकटवा, डावीकडे आणि उजवीकडे, गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनेच्या) रेषेत, म्हणजे पिस्टन एका बाजूला कलत नाही. हेड कसा, किकने इंजिन एकदा फिरवा, तार काढून चपटलेलं टोक व्हर्नियरने मोजा. दीड मिलिमीटरची तार जेमतेम दबली असेल तर सिलिंडरखालचं पॅकिंग पातळ वापरून ते अंतर 1 मिलिमीटरच्या आसपास आणा. याने दोन कामं होतात: कॉम्प्रेशन वाढतं आणि एक्झॉस्ट पोर्ट किंचित उशिरा उघडतं. खालच्या पिकअपला दोन्ही हवीत. याहून खाली मी जात नाही. जोरात ओढताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, किंवा प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे बारीक ठिपके दिसले, तर ताबडतोब थांबा. पिस्टन वितळायला लागलाय.

आणि एक्झॉस्ट पोर्ट कापू नका. मी शिकाऊ असताना स्वतःच्या गाडीचं पोर्ट कानशीने दीड-दोन मिलिमीटर वर नेलं होतं. सपाट रस्त्यावर वरचा वेग वाढला, आणि घाटात गाडी चौथ्यातून दुसऱ्यात आणावी लागायची. कापलेलं धातू परत चिकटत नाही. शेवटी दुसरा सिलिंडर शोधून आणला, आणि आज तर कंपनीचा, न कापलेला सिलिंडर मिळायला महिने जातात. तुमचा अजून तसा असेल तर जपा.

एका दिवशी एकच बदल करा. माझ्याकडे वहीत प्रत्येक गाडीचं पान आहे: पायलट जेट, क्लिपची खाच, दात, तारेचं माप. तपासायला एकच चढ ठरवा. दुसऱ्या गिअरला दर वेळी सारख्याच, सावकाश वेगाने पायथ्याशी या, क्लचला बोट न लावता पूर्ण थ्रॉटल द्या आणि ठरलेल्या दगडापर्यंतचे सेकंद मित्राला मोजू द्या. तीन वेळा. कराडच्या गाडीच्या पानावर पहिल्या दिवशी मी "चढत नाही" एवढंच लिहिलं होतं. खाली पाचव्या ओळीत 9 सेकंद आहेत.