कॅरिबियनमध्ये गाडी चालवताय? मग पेट्रोल पंपाची पाटी अशी वाचा

कॅरिबियनमध्ये गाडी भाड्याने घेऊन बेटांवर फिरणार असाल तर कुठला पंप चांगला हे शोधत बसू नका, त्यापेक्षा तीन गोष्टी बघा, भाव कोण ठरवतं, माप कुठलं आहे आणि नोझलवर काय लिहिलंय. खरा घोळ तिथेच होतो.

ब्रँडचं म्हणाल तर इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवर दोन नावं सारखी दिसतील, सोल आणि रुबिस. सोल मूळची बार्बाडोसची कंपनी, तिने 2005 मध्ये शेलचा कॅरिबियनमधला बराच धंदा घेतला, म्हणून पाटी शेलची आणि मागे सोल असंही कित्येक ठिकाणी असतं. रुबिस फ्रेंच आहे, 2011-12 च्या सुमारास तिने सेंट लुसिया, ग्रेनाडा, बहामाज अशा बऱ्याच बेटांवरचे टेक्साकोचे पंप घेतले, त्यामुळे जुन्या नकाशात टेक्साको लिहिलंय आणि समोर रुबिस दिसतंय तर रस्ता चुकलो म्हणून गाडी वळवू नका, पंप तोच आहे. जमैकात मात्र टेक्साको अजून आहे, शिवाय टोटल आणि तिथलाच फेस्को. त्रिनिदादला सरकारी एनपी आणि दुसरा युनिपेट, पोर्तो रिकोत प्यूमा, शेल, गल्फ, आणि क्युबात सरकारी क्युपेट.

आता भाव. बार्बाडोस, त्रिनिदादला सरकारच भाव ठरवतं, सगळ्या पंपांवर एकच, त्यामुळे स्वस्त पंप शोधत फिरण्यात उगाच पेट्रोल जळेल. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये दर शुक्रवारी नवा भाव जाहीर होतो आणि शनिवारपासून लागू होतो, मग भाव चढणार असं कळलं तर शुक्रवारी संध्याकाळीच टाकी भरून घ्या. जमैकात सरकारी रिफायनरी पेट्रोजॅम दर आठवड्याला आपला भाव सांगते पण पंपवाला त्यावर स्वतःचं मार्जिन लावतो, तिथे मात्र दोन-तीन पंप बघितले तर फरक पडतो.

मापाचं तर विचारूच नका. जमैका, बार्बाडोस, पोर्तो रिकोत लिटर, डॉमिनिकनला अमेरिकन गॅलन म्हणजे 3.785 लिटर, आणि सेंट लुसियासारख्या ठिकाणी इंपीरियल गॅलन म्हणजे 4.546 लिटर! 40 लिटरची टाकी एका हिशोबाने साडेदहा गॅलन होते आणि दुसऱ्याने पावणेनऊच्या आसपास, त्यामुळे दोन बेटांचे भाव नुसते आकडे बघून ताडून बघू नका. पोर्तो रिकोत तर अंतर किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मैलांत आणि पेट्रोल लिटरमध्ये, पहिल्या दिवशी डोकं गरगरतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोझल. मार्टिनिक, ग्वादेलूप या फ्रेंच बेटांवर (तिथे टोटल आणि व्हितो दिसतील, व्हितो हा रुबिसचाच ब्रँड, पैसे युरोत) 'सां प्लों' म्हणजे पेट्रोल आणि 'गाझोल' म्हणजे डिझेल. गाझोल ऐकून आपल्याला गॅसोलीनच वाटतं ना, तिथेच फसायला होतं. स्पॅनिश बोलणाऱ्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये 'गासोलिना' पेट्रोल आणि 'गासॉइल' डिझेल, म्हणजे फरक फक्त शेवटच्या अक्षरांचा. बऱ्याच बेटांवर पंपावरचा माणूसच भरून देतो, खिडकीशी येऊन विचारतो आणि आपण घाईत हो हो करून टाकतो. तसं करू नका. गाडी ताब्यात घेतानाच टाकीच्या झाकणाच्या आत कुठलं इंधन ते सांगणारं स्टिकर असतं, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि पंपावर तोच फोटो त्याला दाखवा, भाषा येत नसली तरी काम होतं. चुकीचं भरलं गेलंच तर गाडी स्टार्ट करू नका, चावीसुद्धा फिरवू नका, तिथूनच भाड्याच्या कंपनीला फोन लावा.

क्युबाचं वेगळं आहे, तिथे इंधनाची टंचाई असते, म्हणून पंप दिसला आणि पेट्रोल मिळतंय तर अर्धी टाकी असली तरी भरून घ्या, पुढचा पंप चालू असेल या भरवशावर राहू नका.

गाडी परत करायच्या दिवशी विमानतळाच्या वाटेवरचा पंप आदल्या दिवशीच बघून ठेवा आणि पावती खिशात राहू द्या, टाकी फुल होती का यावर वाद झाला तर तीच दाखवता येते.